माया

पारोळ्यात, दुकान बंद करताना
नातवाचा पृथ्वीगोल मशीनवर ठेवला,
मुंबईवर टेपचं पितळी टोक दाबलं.
पश्चिमेला सरळ जाईना टेप;
वर चढली, रशिया, मग नुसता बर्फ,
आणि उतरली टोरांटोवर.
पावणेआठ इंच.
एवढ्यात हाफ शर्टाची बाही होते.

"कितलं दूर शे?" आतून ही.
पंधरा तास, म्हटलं. कुठं न थांबता.
"माया धरीसन?"

मी टोक उचललं.
खाली मुंबई होती,
आणि तिथंच कुठंतरी पारोळाही,
ठिपक्याशिवाय.

विमान पहाटेचं.
रत्नप्रभाची बस अजून
धुळ्याच्या स्टँडवर उभी;
ड्रायव्हर चहाला गेलाय म्हणे,
खिडकीची काच
खाली येत नाही.