खडा

या आठवड्यात लाईट रात्री दोनला.
मालक चाकणला, कंपनीत.
मोटर चालू करायला मीच.

घरापासून डीपीपर्यंत साडेसहाशे पावलं,
मधे ओढा, ओढ्याला सिंदीचं बन.
तिथं आलं की जीभ टाळूला चिकटायची.

धुरपतामावशी पोत खेळवते, गळ्यात कवड्यांची माळ.
अंगारा मागायला गेले तर म्हणाली,
"बांधावरच्या म्हसोबापाशी थांबत जा.
एक खडा ठेव, अन् कशाला भ्यालीस ते नाव घेऊन सांग.
मोठ्यानं. त्याला कमी ऐकू येतंय."

पहिल्या रात्री म्हणाले, साप.
दुसऱ्या रात्री, सिंदीतली ती.
मग दिराचा मित्र बबऱ्या,
मोटारसायकल बंद करून अंधारात उभा राहतो तो.
मग स्टार्टरचा झटका.
सातव्या रात्री खडा बराच वेळ हातातच राहिला.
म्हणाले, मालक परत आलेच नाहीत तर.
हे मी मलाही सांगितलं नव्हतं.

शेंदूर थंड होता.
लांब केजच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर
गाणी वाजवत गेला.

काल बबऱ्या ओढ्यात उभा होता.
बॅटरी त्याच्या तोंडावर धरली
अन् नाव घेतलं त्याचं, बापाच्या नावासकट,
म्हसोबाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.
वस्तीवरची कुत्री उठली. तो गेला.

पाणी हरभऱ्यात शिरलं तेव्हा आठवलं,
आज खडा ठेवायचा राहिला.
परत गेले. काय सांगावं सुचेना.
बसले मग त्याच्याजवळ,
पाय चिखलाचे,
खडा मुठीत ऊन होईतो.