कूलरचा सा

नवतप्याचा तिसरा दिवस. नंदनवन कॉलनी,
जिच्या नावावर मे महिन्यात कुणी हसतसुद्धा नाही.
पेटी इतवारीतून आणली, अकराशेला,
कुठल्याशा मोडलेल्या भजनी मंडळाची.
भाता उघडला की अजून कापराचा वास येतो.
दुकानदार म्हणाला, एक पट्टी बोलत नाही ताई,
बाकी सगळं चांगलं आहे.
स्थळ सुचवतानाही लोक असंच म्हणतात.

तीस वर्षं भूमापन कचेरीत नकाशे उतरवले,
जुन्यावर पारदर्शक कागद ठेवून, टोकदार पेनानं.
पाहून उतरवणं येतं मला.
ऐकून उतरवायला
वर ठेवायचं काय?

शिकवणी लावली नाही.
बासष्टाव्या वर्षी वहीत लाल शेरे नको होते.

सा कूलरनं दिला.
त्याची मोटर घुमते ती पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे,
जिथे पेटीत जागाच नाही.
मी खालच्या पट्टीवर राहते, तो थोडा वर,
निभतं.
लाइट गेली की सा जातो
आणि घामाबरोबर मी बेसूर होते.

भिंतीपलीकडे निनावे. एसटीच्या डेपोत होते.
पहाटे साडेपाचला नळ आले की
पाइप लावून कूलर भरतात, शिटी वाजवतात.
रोज तीच. गाणं नव्हे ते, कुणाचंच.
चार पायऱ्या वर, एक घसरण,
मग काहीतरी घरी विसरल्यासारखं थांबणं
आणि परत पहिल्यापासून.

आठ दिवस नुसती पहिली पायरी शोधली.
सुईत दोरा जावा तसा स्वर सापडत नाही,
अंधारात बटण सापडतं तसा सापडतो,
आधी चार वेळा भिंत.
घसरण सापडली पोळ्या लाटताना,
पिठाच्या बोटांनी धावले,
पट्ट्यांवर अजून पांढरं आहे.

आणि तिसरी पायरी?
निनावे घेतात कोमल गंधार.
माझा तोच मुका.
म्हणून मी शेजारचा घेत गेले, शुद्ध,
जरा जास्त उजेडाचा.

फाटकाशी भेटले तर म्हणाले,
काय वाजवून राहिल्या ताई? ओळखीचं वाटून राहिलं.
म्हटलं, काही नाही, असंच.

पुढच्या सोमवारी नळ आले,
पाइप लागला, शिटी सुरू झाली
आणि तिसऱ्या पायरीवर
निनावे उजेडात गेले.
मी ऐकत बसले. चहा उतू गेला.
कुणाचा होता तो आधीचा स्वर,
त्यांच्या आईचा, डेपोतल्या कुणा मेकॅनिकचा,
मी तो एका बिघडलेल्या पट्टीपायी पुसून टाकला होता.

पेटी दुरुस्त करून आणली. दोनशे रुपये. स्वरपट्टीत
भुंग्याचं वाळलेलं पंख निघालं.

दुसऱ्या पहाटे खिडकी उघडी ठेवून
वाजवलं, जसं होतं तसं, कोमल.
शिटी मधेच थांबली.
पलीकडचा कूलर भरून वाहायला लागला,
पाणी भिंतीखालून माझ्या अंगणात आलं.
मग हळूच, संकोचून, आवाज आला:
ताई, ते चुकलं न?

मी बोट
एक पट्टी पुढं सरकवलं.