पहेलां

बडोद्याला, मकरपुऱ्याच्या शेडमध्ये
मी व्हॉल्व्हची माहितीपुस्तकं लिहिते.
आधी रोट्रिंगचं पेन, ट्रेसिंग पेपर,
चुकलं की ब्लेडनं खरवडायचं.
मग पेजमेकर. मग आणखी एक,
त्याचं नाव आता कुणी काढत नाही,
फ्लॉपी मात्र माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

सोमवारी निहार नवं शिकवायला बसला.
पानं नसतात, मॅडम. तुकडे असतात.
प्रत्येक वाक्याला नंबर.
मी वहीत लिहून घेतलं. तो वहीला हसला.

चारशे बारा नंबरचं वाक्य माझंच निघालं:
ढांकणुं खोलतां पहेलां दबाण उतारो.
कानजीभाईंचं बोट गेलं त्या आठवड्यातलं.
दवाखान्यात त्यांना वाचून दाखवलं
तर म्हणाले, ‘पहेलां’ जाडुं करजो.

नव्या टूलनं त्याखाली निळी रेघ ओढली:
वाक्य लहान करता येईल.
येईल की.
निहार चहाला गेला होता.
मी तेवढा एक शब्द निवडला,
पुन्हा जाड केला,
आणि आता हे साठवायचं कुठे
ते विचारायला
त्याच्यामागे टपरीवर गेले.