पियानो म्हणजे हळू

मी नकला उतरवते.
मोन्तेविदेओच्या वाद्यवृंदासाठी, एकोणीस वर्षं,
आधी शिसपेन्सिलीनं, मग शाईनं.
व्हायोलाची पानं, बासूनची पानं.
एकाची चूक दुसऱ्याच्या माथी जाऊ नये,
एवढंच माझं काम.

यंदा लेदेस्माबाईंनी कांदोम्बे लिहायला घेतलं.
तीन ढोल: चिको, रेपिके, पियानो.
हा पियानो काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा नाही,
पिंपाच्या फळ्यांचा. खांद्यावरून लटकतो.
एका हातात काठी, दुसरा हात उघडा,
आणि तो उघडा हात कधीकधी रक्ताळतो.

चिकोचं पान मी अकरा वेळा खराब केलं.
पहिली जागा मोकळी, मग तीन ठोके.
कागदावर म्हटलं तर पोरखेळ.
पण ओरोस्मान पेरेइरा वाजवतो तेव्हा
ती मोकळी जागा जराशी सरकते,
अंधाऱ्या जिन्यात पाय
नसलेली पायरी शोधतो, तशी.
मी ती चारांत बसवली, तिनांत बसवली,
दोन्हींच्या मधे टिंब देऊन पाहिलं.
दर वेळी तो ऐकायचा, मान डोलवायचा.
"बरोबर आहे, बाई.
पण हा वाजवणारा कुठल्या गल्लीतला?"

तालमीत संचालकांनी कांडी उचलली.
म्हणाले, "पियानो!"
म्हणजे हळू.
ओरोस्मानच्या भाच्याला, यामांदूला, वाटलं आपल्यालाच हाक.
त्यानं असा काही हाणला
की चेलोवाल्यांच्या खुर्च्या थरथरल्या
आणि झुंबराची धूळ बासरीवर पडली.
आम्ही हसलो. संचालक हसले नाहीत.
मग तेही हसले.

मध्यंतरात नदीवरून धुकं आलं, चामडी सैलावली.
ओबोनं सूर दिला, सगळ्या तारांनी तो घेतला,
ढोलांना मात्र विस्तव लागतो.
नाट्यगृहात काडी ओढायला बंदी.
आम्ही मागच्या गल्लीत गेलो,
पहारेकरी लाल नळकांडं घेऊन पाठोपाठ.

"रद्दी आहे का कुणाकडे?" ओरोस्माननं विचारलं.
हल्ली वर्तमानपत्र कोण घेतं?
माझ्या पिशवीत अकरा पानं होती.

छान जळली. शाई आधी तांबूस झाली, मग काहीच नाही.
ढोल आडवे करून त्यांची तोंडं जाळाकडे केली.
तो बोटानं टकटक करत ऐकत होता,
आणि मधेच, कुणी विचारलं नसताना,
"आमची चाळ पाडायच्या आदल्या रात्री
आम्ही दारं जाळून तापवले होते.
दारांचा जाळ चांगला. कागद लवकर संपतो."

शेवटच्या प्रतीत चिकोच्या ओळीवर
मी एकही टिंब ठेवलं नाही.
लिहिलं: इथे ओरोस्मान.

लेदेस्माबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
पान जवळ नेलं, लांब नेलं.
"आणि ज्या वर्षी तो नसेल?"

मी खोडरबर शोधू लागले.
हातात शाईचं पेन होतं.