वाइड रिसीव्हर, दिवाळे गाव

कुंदन तांडेलबद्दल पेपरात दोनच ओळी आल्या,
त्यातही आडनाव तांडले आणि खेळ रग्बी.
म्हणून हे लिहितोय.
तीन सीझन बॉल मी फेकायचो, तो धरायचा.

पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा म्हणाला,
दोन्हीकडून टोक कशाला याला?
मग मासळीची पाटी झेलावी तसा झेलला,
छातीशी न आणता, पंजात.
भरतीला होडी हलते, पाटी वेळेवर येत नाही,
हे त्याला बाराव्या वर्षापासून ठाऊक होतं.

हेल्मेटं न्हावा-शेवाला दोन महिने अडकली.
कागदावर शेतीची अवजारं का काहीतरी लिहिलेलं म्हणे.
सुटली तेव्हा जुनी निघाली.
त्याच्या हेल्मेटात आतून, मार्करनं: डेव्हिस.
कुठल्या गावचा, कुठल्या शाळेतला, देव जाणे.
कुंदननं पुसलं नाही.
घालताना पुटपुटायचा,
चल रे डेव्हिस.

मैदान म्हणजे सिडकोचा प्लॉट,
शाळेसाठी राखीव. शाळा आलीच नाही.
शंभर यार्ड बसेनात,
ब्याण्णववर नाला लागायचा.

खारघरविरुद्ध एका दुपारी त्यानं चार टचडाऊन केले.
बघायला त्याची आई, एक कुल्फीवाला,
ड्यूटी संपलेला वॉचमन.
आईनं नंतर विचारलं,
एवढं पळून धरलास,
मग परत देलास कशाला त्यांना?

पळताना तो मागे बघायचा नाही.
शेवटच्या क्षणी वळायचा,
घरातून कुणी हाक मारल्यासारखा,
आणि बॉल तिथे असायचा.
लोक मला म्हणायचे, काय फेकलास!
मी कुठेही फेकायचो, खरं सांगतो.
अचूक तो होता.

सेमीफायनलला मी उंच फेकला.
गरज नव्हती.
नवरात्राच्या मांडवाचे खड्डे अजून बुजायचे होते.
तो वर गेला, बोटांच्या टोकांनी उतरवलासुद्धा,
आणि खाली आला तेव्हा
पाय एकीकडे, गुडघा एकीकडे.
वाशीच्या हॉस्पिटलात सॉरी म्हणायला गेलो.
तो म्हणाला, कॅच दिला ना पण?

दिला.
वहीत आहे. सत्तावीस यार्ड.

टाइल्सवाला स्पॉन्सर बुडाला, लीगही.
प्लॉटवर तेवीस मजले उभे आहेत.
मी बेलापूरला लोकांचे जीएसटी भरतो.

रविवारी सकाळी जेट्टीवर मासळी घ्यायला जातो.
तो होडीत, जरासा लंगडत, पाट्या वर देत असतो.
डाव्या हाताची करंगळी अजून वाकडी.
मला बघून ओरडतो: डेव्हिस!
आणि बोंबलांची पिशवी सोडतो, सरळ माझ्यावर.
मी डोळे मिटतो.
पिशवी खांद्याला लागून फुटते, बायका हसतात.

हातान येईपरत बग रं, तो म्हणतो,
आणि दुसरी पिशवी उचलून
हात मागे नेतो.