सरळ रूप द्या

बिराजदार बाई म्हणाल्या,
आधी सजातीय पदं गोळा करा.
ते मला आईच्या सुपातच कळलेलं:
पंचवीसचे कट्टे इकडे,
छाट बिडी तिकडे, तिचे पैसे नाहीत.

तरी तीन क्ष अधिक चार य,
मी बेरीज केली: सात क्षय.
वर्ग हसला.
बाईंनी ते फळ्यावर घेतलं नाही.
आई खोकते, हे त्यांना कुणी सांगितलं?

मग कंस.
बाहेर वजा असला
की आत प्रत्येकाचं चिन्ह बदलतं.
अक्कलकोट रोडचा माग बंद पडला तेव्हा
बडबडे नाना गप्प,
आणि अबोल अक्का भांडायला लागली, तेलुगूतून.

खोडलं, पुन्हा लिहिलं.
एक क्ष उरला.
त्याची किंमत
या प्रश्नात विचारलेली नाही.