कमी खाऊ नकोस

सकाळी सहाला बाबा पाठ थोपटतात.
थोपटतात कसली, बडवतात,
यार्डात हळदीचं पोतं बसवावं तशी.
हमालीचे हात, कितीही धुतले तरी
माझ्या सगळ्या कुडत्यांच्या पाठी पिवळ्या.
कफ सुटतो. मग बोटाला सुई.
दोनशे बारा.

विश्रामबागच्या मावशी म्हणतात,
साखर ना? मग भात सोड, बटाटा सोड.
काय काय सोडू, मावशी?
वजन अडतीस.
मिरजेच्या डॉक्टरीणबाई वहीत लिहितात:
तूप, साय, केळी. कमी खाऊ नकोस.
म्हणजे खा, आणि टोच.

मूठभर भडंग घ्यायचं तरी
आधी कॅप्सूल, आधी युनिटांचा हिशेब.
तोवर शर्वरी पुडा झटकून मोकळी.

लहानपणी आई पापी घेऊन म्हणायची,
खारट गं माझी पोर.
ते लाडाचं नव्हतं, निदान होतं,
कुणाला ठाऊक होतं तेव्हा.
आता घाम खारट, रक्त गोड.

काल रात्री हात थरथरले. चौपन्न.
लाइट गेलेली, ग्लुकोजचा डबा सापडेना.
बाबांनी बत्त्याने ढेप फोडली,
खडा जिभेवर ठेवला,
आणि बसून राहिले, पंधरा मिनिटं,
काही न बोलता.

ओठांवर गूळ,
आणि थोडी हळद.